मुलांना स्टुडिओ दाखवायचाय? आधी हे ठरवा

'सुट्टीत फिल्म सिटीला जाऊ' असा शब्द मुलांना देण्याआधी आईवडिलांनी आपापसांत एक गोष्ट ठरवून घ्यावी. सिनेमा कसा तयार होतो ते मुलांना दाखवायचं आहे, की सिनेमाच्या नावानं उभ्या केलेल्या मोठ्या बागेत एक दिवस मजा करायची आहे? दोन्हींत वाईट काहीच नाही. पण दोन्हींची ठिकाणं वेगळी, खर्च वेगळा आणि त्यासाठी योग्य वयंही वेगळी. बहुतेक घरांत हा प्रश्न निघतच नाही. शेजारचे हैदराबादला जाऊन आले म्हणून आपणही निघतो. मग रात्रभराच्या प्रवासानं दमलेलं पाच वर्षांचं लेकरू दुपारी बाराला खांद्यावर झोपी जातं आणि आठवीतला दादा 'पण शूटिंग कुठाय?' म्हणून संध्याकाळपर्यंत विचारत राहतो.

आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या मुलांना स्टुडिओ कारखाना म्हणूनच दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. इथल्या कितीतरी मुलांनी वडिलांचा किंवा काकांचा लेथ चालताना पाहिलेला असतो. एमआयडीसीतल्या शेडमध्ये डबा पोचवायला गेलं की कास्टिंगचा ढीग, ड्रिलचा आवाज, कूलंटचा वास हे सगळं ओळखीचं होतं. एक वस्तू दहा हातांतून जाते तेव्हा कुठे पॅक होते, हे या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. सिनेमाही अगदी तसाच घडतो. सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, शिंपी, ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि मग कुठे नट. हे समजायला महागडं तिकीट लागत नाही. नीट निवड मात्र लागते.

या कारखान्याचा इतिहास आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तेव्हा विलायती कॅमेरा हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी दामल्यांसारख्या हुन्नरी शिष्याला बरोबर घेऊन कॅमेरा स्वतःच घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली आला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला, की ते दृश्य पुढं कापावं लागलं. 1923 च्या 'सिंहगड'साठी त्यांनी रात्रीच्या दृश्यांना कृत्रिम दिवे वापरले, तेही देशात बहुतेक शूटिंग सूर्यप्रकाशावर चालत असताना. त्याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे सीताराम कुलकर्ण्यांना सोबत घेऊन बाहेर पडले आणि 1929 मध्ये कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. हे सगळं मुलांना गाडीत बसल्या बसल्या सांगता येतं. ज्या मुलाचे वडील मशिन शॉपमध्ये काम करतात, त्याला 'कॅमेरा विकत मिळेना म्हणून बनवला' हे वाक्य एका क्षणात कळतं.

पहिली फेरी मात्र सांगलीतच करा, असं मी सुचवेन. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीत रंगवलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात इथून झाली. त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आजही शहरात आहे. बालनाट्याचा किंवा हौशी स्पर्धेचा प्रयोग लागला की मुलांना घेऊन जा. प्रयोग संपल्यावर व्यवस्थापकांना आणि नाटकवाल्यांना नम्रपणे विचारा, 'मुलांना जरा मागं बघू द्याल का?' सहसा कुणी नाही म्हणत नाही. पडदा कुठून ओढतात, विंगेत उभं राहिलेला नट प्रेक्षकांना का दिसत नाही, प्रकाशाचा रंग कसा बदलतो, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला स्टुडिओपेक्षा इथं जास्त चांगलं समजतं. जागा छोटी असते, माणसं बोलतात, आणि तो दमायच्या आत तुम्ही घरी पोचता. जे मूल इथं प्रश्न विचारतं, त्याला पुढं स्टुडिओत न्यायला हरकत नाही. जे कंटाळतं, त्याला आणखी दोन वर्षं थांबवा.

दुसरी फेरी कोल्हापूरची. मिरजेहून पॅसेंजर, नाहीतर अंकली-जयसिंगपूर-हातकणंगले मार्गे एसटी किंवा स्वतःची गाडी. सकाळी निघून रात्री परत. मोरेवाडीची कोल्हापूर चित्रनगरी सरकारी आहे आणि ती शूटिंगसाठी आहे. तिथं मालिका-सिनेमांचं काम चालतं, 'दख्खनचा राजा ज्योतिबा' या मालिकेचा सेटही तिथंच उभा होता. त्यामुळं फाटकावर जाऊन तिकीट मागू नका. आधी कार्यालयात विचारा, त्या दिवशी शूटिंग आहे का, आत सोडतील का, किती जणांना. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज केला तर काम सोपं होतं, म्हणून चार-पाच घरांनी मिळून वर्गशिक्षकांना गळ घालणं फायद्याचं. परवानगी मिळाली नाही तरी दिवस वाया जात नाही. शहरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, तिथं थांबा. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कुठं होता ते बाहेरून दाखवा. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत स्टुडिओ भस्मसात झाला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला, एवढं सांगितलं तरी मुलं त्या भिंतींकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

चालू शूटिंग बघायला मिळालंच तर मुलांना आधीच एक गोष्ट समजावून ठेवा: शूटिंग म्हणजे वाट बघणं. एका खोलीचा सेट असतो. लाइटमन शिडीवर चढून दिवा इंचभर वळवतो, खाली उतरतो, कॅमेऱ्यामागचा माणूस मान हलवतो, तो पुन्हा चढतो. मेकअपदादा नटाच्या कपाळावरचा घाम टिपतात. कुणीतरी 'सायलेन्स' ओरडतं, पंखे बंद होतात, क्लॅप वाजतो, नट दोन वाक्यं बोलतो आणि 'कट'. मग तेच पुन्हा. आणि पुन्हा. मोठ्या मुलांना यातच खरा रस असतो. पाच वर्षांच्या मुलाला इथं अर्धा तास गप्प बसवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे आणि युनिटवरही.

या वेळी सेटच्या मागं जायला मिळालं तर अजिबात सोडू नका. समोरून दगडी वाड्याची भिंत असते. पोपडे उडालेले, कोनाड्यात काजळी, उंबऱ्याशी हिरवट शेवाळ. बोटानं टकटक केलं की पोकळ आवाज येतो, कारण तो प्लायवूड, त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि त्यावर रंगाऱ्याचा हात. मागच्या बाजूला उघड्या फळ्या, खिळ्यांची टोकं, तिरके टेकू आणि टेकू सरकू नयेत म्हणून पायाशी वाळूची पोती. शेवाळ रंगाचं, काजळीही रंगाचीच. दहा वर्षांच्या मुलाला भिंतीच्या या दोन्ही बाजू दाखवल्या की त्याचं सिनेमा बघणं कायमचं बदलतं. कुठलीही सहल निवडताना मी आधी हेच विचारते: भिंतीची मागची बाजू बघायला मिळणार आहे का?

साताऱ्याकडं पाहुणे असतील तर तिसरा मार्ग आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेकाठचा घाट आहे. 'स्वदेस'चं चरणपूर गाव इथंच उभं राहिलं. वाई परिसरात 'गंगाजल', 'दबंग', 'चेन्नई एक्सप्रेस' यांचं शूटिंग झालं. निघण्याआधी घरी सिनेमातलं घाटाचं एखादं दृश्य मोबाइलवर थांबवून त्याचा फोटो घ्या. घाटावर पोचल्यावर मुलांना एकच काम द्या: कॅमेरा कुठं ठेवला होता ती जागा शोधा. पायऱ्या मोजत, झाड कुठल्या बाजूला आलं ते पडताळत मुलं तासभर रमतात. आणि त्यांना आपोआप कळतं, की कॅमेरा चार पावलं सरकला असता तर मागचे विजेचे खांब दिसले असते. घाटावरची मोठी घंटाही दाखवा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीनंतर पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत पोचल्या, त्यांतली ही एक. पावसाळ्यात मात्र पायऱ्या शेवाळतात आणि कृष्णेचं पाणी चढतं, हे सांगली भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता मुंबई. रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबईत. पण बहुतेक जण थेट गोरेगाव गाठतात, तिथं मी थोडं थांबवेन. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी 1977 साली सुरू झाली, सुमारे 520 एकरांची आहे आणि ती खऱ्या अर्थानं चालता कारखाना आहे. म्हणूनच तिथं मनाला येईल तसं हिंडता येत नाही. अधिकृत सहलीच्या बसमधून ठरलेल्या रस्त्यानं नेतात, शूटिंग चालू असेल तिथं उतरू देत नाहीत, फोटोला बंदी असते. मुलं 'जेठालालची गोकुळधाम सोसायटी बघायची' म्हणून हटून बसतात. मालिकेतल्या या सोसायटीचा बाहेरचा सेट फिल्म सिटीत आहे हे खरं, पण तो आतून दाखवतीलच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्टेशनाबाहेर किंवा जुहू-वांद्र्याला 'फिल्म सिटी टूर' म्हणून ओरडणारे काही एजंट नटांच्या बंगल्यांची फाटकं दाखवतात आणि गाडी फिल्म सिटीच्या दारावरूनच परत फिरवतात. पैसे देण्याआधी तीनच प्रश्न विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. गाडी आवारात जाते का? किती वेळ आत असते? कुठं खाली उतरू देतात?

मुंबईत लहान मुलं बरोबर असतील तर मी आधी पेडर रोडचं राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय सुचवेन. गुलशन महाल हा जुना देखणा बंगला आणि शेजारची नवी इमारत मिळून हे संग्रहालय 2019 च्या जानेवारीत सुरू झालं. नव्या इमारतीत मुलांसाठी वेगळा मजला आहे, तिथं सिनेमामागचं तंत्र त्यांना करून बघता येतं. सावली आहे, स्वच्छतागृह आहे, तिकीट खिशाला झेपतं, आजी-आजोबांना बसता येतं. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी गोरेगावपेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पुण्यात प्रभातच्याच जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ज्या मुलाला खरोखर कॅमेरा, संकलन, ध्वनी यांत रस आहे आणि जो नववी-दहावीत आहे, त्याच्यासाठी आधी पत्र पाठवून परवानगी काढा. लहानग्यांना तिथं नेऊ नका. ती शिकण्याची जागा आहे. कर्जतजवळ चौकचा एन. डी. स्टुडिओ ऐतिहासिक सेटसाठी नावाजला. तो आता सरकारी महामंडळाकडं आहे, तेव्हा पर्यटकांसाठी काय चालू आहे याची ताजी चौकशी करूनच निघा.

आणि रामोजी. 1996 साली रामोजी रावांनी हैदराबादबाहेर उभी केलेली ही फिल्म सिटी जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात आहे. कुपवाडहून सोलापूरमार्गे साधारण पाचशे किलोमीटर. इथं स्टुडिओ आहे आणि बागही आहे, आणि दिवसाच्या शेवटी मुलांच्या लक्षात बहुधा बागच राहते. लहानांसाठी फंडुस्तान आहे, पक्ष्यांचं उद्यान आहे, नाचगाण्यांचे कार्यक्रम आहेत. हे सगळं करायला गेलात तर स्टुडिओ राहून जातो. म्हणून सकाळी फाटक उघडताच आत शिरा आणि आधी लाल बसची स्टुडिओ फेरी घ्या. उन्हं चढायच्या आत ती झालेली बरी. एकाच इमारतीला चार बाजूंनी चार चेहरे असतात, एकीकडून कॉलेज तर दुसरीकडून हॉस्पिटल. मुलांना खिडकीशी बसवा आणि इमारतीला वळसा पडताना बघायला सांगा.

मग तो एक कार्यक्रम गाठा, ज्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे. 'शोले'तल्या बसंतीच्या टांग्याचा पाठलाग तिथं प्रेक्षकांसमोर पुन्हा घडवून दाखवतात. प्रेक्षकांतून एखादीला बोलावून टांग्यावर बसवतात. टांग्याला घोडा नसतो. माणसं टांगा हलवत राहतात, ती बाई हवेत चाबूक फिरवते, सगळे हसतात. पुढच्या दालनात त्याच दृश्याला आवाज चढतात: टापा, चाकांची घरघर. शेवटी पडद्यावर सगळं एकत्र येतं आणि ज्या बाईला आपण जागच्या जागी डुलताना पाहिलं तीच धुळीच्या रस्त्यावरून भरधाव पळताना दिसते. शूटिंग, ध्वनी, जोडकाम, हा सगळा कारखाना एका तासात मुलाच्या डोळ्यांसमोर चालून जातो. यासाठी बाकीचे दोन शो सोडावे लागले तरी सोडा.

रामोजीत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, त्यामुळं बजेटमध्ये आतलं जेवण धरा. मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, तेव्हा घरून निघताना टेप लावा. बुकिंग करताना तिकिटात बसची फेरी आणि शो येतात का, खेळण्याच्या राइड्सना वेगळे पैसे आहेत का, हैदराबादहून ने-आण धरली आहे का, हे नीट वाचा. चार माणसांच्या घराला प्रवेशाच्या तिकिटापेक्षा प्रवास, मुक्काम आणि खाणंच जड जातं. म्हणून आदल्या रात्री हैदराबादेत पोचून झोप काढणं परवडतं. रात्रभर बसमध्ये अवघडून थेट फाटकावर उतरलात तर सगळे पैसे वाया. हवा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत चांगली. एप्रिल-मेमध्ये तेलंगणाच्या उन्हात लहान मुलांना दिवसभर फिरवू नये, हे माझं ठाम मत आहे. परीक्षा संपल्या म्हणून तेव्हाच जायचं असं काही नाही.

कुठंही गेलात तरी काही गोष्टी सगळीकडं लागू आहेत. अंधाऱ्या दालनात अचानक मोठा आवाज होतो, दिवे भराभर लुकलुकतात. फिटचा त्रास असलेल्या किंवा आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला आत नेण्याआधी दारावरच्या माणसाला स्पष्ट विचारा. मुलांच्या खिशात पालकांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवलं तर कुठं थांबायचं ती खूण आत शिरतानाच ठरवा. जुने, सवयीचे बूट घाला, नवे नकोत. आणि 'तिथं अमका हिरो दिसेल' असं चुकूनही सांगू नका. हिरो दिसला तर आनंदच, पण तो दिसावा म्हणून गेलेलं मूल सेट बघतच नाही.

एक इशारा मात्र जरा सविस्तर द्यायला हवा. अशा ठिकाणी कधीकधी कुणीतरी जवळ येतं, 'तुमच्या मुलीचा चेहरा फारच फोटोजेनिक आहे' म्हणतं आणि मालिकेत काम मिळवून देण्यासाठी पोर्टफोलिओचे, नोंदणीचे पैसे मागतं. एक रुपयाही देऊ नका. मुलांना काम देणारा निर्माता पालकांकडून पैसे घेत नाही. उलट कायद्यानं त्याला जिल्हा प्रशासनाची परवानगी काढावी लागते, मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत ठेवीत ठेवावा लागतो. जो माणूस यातलं काहीच न बोलता फक्त पैसे मागतो, त्याच्यापासून मुलाचा हात धरून बाजूला व्हा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज ही राइड्सची बाग आहे. तिथं मजा करा, पण सिनेमा कसा बनतो हे कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लंडनजवळच्या लीव्हस्डेनला, जिथं हॅरी पॉटरचे सिनेमे बनले आणि त्याआधी विमानांचा कारखाना होता, तिथं मात्र खरे सेट, खरे कपडे, खरी साधनं बघायला मिळतात. तिकीट आधीच काढावं लागतं, दारावर मिळत नाही.

निघण्याआधी घरी काही सिनेमे बघा. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पहिला, कारण फाळक्यांच्या घरातली बायका-पोरं सिनेमा बनवण्यात कशी गुंतली होती ते त्यात हसतखेळत येतं. मग 1919 च्या 'कालिया मर्दन'चे उरलेले तुकडे दाखवा. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आणि प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम'. त्यात एका शिवाजी महाराजांचे अनेक शिवाजी महाराज होतात, ते कसं केलं असेल यावर मुलांना आधी भांडू द्या. ती भांडणं बरोबर घेऊन गेलेली मुलं स्टुडिओत नेमके प्रश्न विचारतात आणि तिथला सुतार किंवा लाइटमन अशा मुलांना हौसेनं सगळं समजावतो.

तेव्हा येत्या दिवाळीला हैदराबादचं बुकिंग करण्याआधी एका रविवारी भावे नाट्यमंदिर आणि दुसऱ्या रविवारी कोल्हापूर, एवढं जरूर करून बघा. मूल तिथं रमलं, तर पाचशे किलोमीटरचा खर्च खुशाल करा.